पात्याच्या रेषेत उभं राहू नये

फोन आला तेव्हा मी भोरच्या बाजारात होते. "आक्का गेली," एवढंच माझे यजमान म्हणाले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "मशीनवर?" ते म्हणाले, "न्हाई. अंगणात. चहा पीत व्हती." मी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले. रडू नंतर आलं. आधी सुटकेचा श्वास आला, कारण इतकी वर्षं मी ज्या बातमीला घाबरत होते, ती ही नव्हती.

गोदावरीआक्का माझ्या थोरल्या नणंद. कापूरहोळला, हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथं त्यांच्या नवऱ्याचं सुतारकामाचं शेड होतं. दाजी आजारानं गेले तेव्हा अर्धवट दारं, चौकटी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मशीन विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मशीन चालू केलं. टेबलाच्या मधून वर आलेलं ते गोल पातं, त्याचा तो कानात घुसणारा आवाज. दाजी लाकूड ढकलत तेव्हा पलीकडून फळी धरायला वर्षानुवर्षं त्याच उभ्या असायच्या, त्यामुळं पातं कधी रागावतं ते त्यांना कळायचं. 'रागावतं' हा त्यांचाच शब्द.

आमची गुंजवण्याची भातखाचरं धरणात गेली आणि आम्ही त्यांच्याकडं आलो. यजमानांचा हात नांगराचा, पण काम त्यांनी लवकर उचललं. लवकर उचललं, हीच धास्ती होती. आक्कांचं काम सावकाश. सरळ काप घ्यायचा तर फळीची सरळ कड बाजूच्या लोखंडी पट्टीला, म्हणजे गाईडला, शेवटपर्यंत टेकलेली हवी. पातं लाकडाच्या जरासंच वर. पात्याजवळ आलं की हात मागं आणि पुढं ढकलायला काठी. आणि स्वतः नेहमी बाजूला उभ्या. पात्याच्या रेषेत कुणी उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही, कारण अडकलेलं लाकूड सुटलं की गोळीसारखं मागं येतं. तिरका काप असला तर आणखी वेळ. आधी टाकाऊ तुकड्यावर काप घ्यायचा, दोन तुकडे जोडून खिडकीकडं धरायचे, मधून उजेड दिसला की पुन्हा पहिल्यापासून. यजमान बाहेर जाऊन येरझाऱ्या घालायचे.

त्या दिवशी वेल्ह्याच्या एका घराची चौकट द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वास्तुशांत. दारात टेम्पो उभा, आणि लाईट दुपारपासून ये-जा करत होती. चौकटीभोवती बसवायच्या पट्ट्यांची टोकं तिरकी कापायची राहिली होती. आक्का बाहेर टेम्पोत चौकट बांधून घेत होत्या. मी आत, त्याच पट्ट्या हातावर घेऊन भिंतीशी उभी. यजमानांनी पात्यावरचं झाकण काढून ठेवलं, मध्ये येतंय म्हणाले. सगळे तुकडे एका मापाचे झटपट निघावेत म्हणून लाकूड आडवं धरून पात्याकडं ढकलायची सरकपट्टी आणि बाजूचं गाईड, दोन्ही एकदम लावली. असं करायचं नाही, हे आक्कांनी शंभरदा सांगितलेलं. कापलेल्या तुकड्याला निसटायला जागा राहत नाही, तो पातं आणि गाईड यांच्यात अडकतो.

तसंच झालं. तुकडा अडकला, पातं घरघरलं, आणि त्याच क्षणी लाईट गेली. पातं हळूहळू थांबलं. शेडमध्ये एकदम शांतता... यजमान टेबलावर वाकले आणि पात्याच्या दातांशेजारी बोटं घालून तो तुकडा हलवायला लागले. मशीनचं बटण चालूच होतं. ते त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

आक्का दारात आल्या. हातात दोरी होती. त्यांची नजर यजमानांच्या बोटांवर होती. काय चाललंय ते अजून मला समजलं नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. भावाला हाकसुद्धा मारली नाही. प्यायला पाणी मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "मंगल, तुझ्या पाठीमागचा मेन खाली वड."

मी वळले. पट्ट्या हातातून घसरल्या. मेन स्विचचा तो जुना दांडा घट्ट होता, एका हातानं हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळून ओढला तेव्हा तो खटकन खाली आला. मी मागं वळून बघते न बघते तोच रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरचा दिवा लागला, पंखा फिरायला लागला, बंद पडलेलं गाणं मधूनच सुरू झालं. आमच्या शेडमध्ये मात्र अंधारच. यजमानांनी आधी तो दिवा बघितला. मग पात्याला चिकटलेली स्वतःची बोटं.

आक्कांनी जवळ जाऊन त्यांचं मनगट धरून हात बाहेर काढला, लहान मुलाचा बघावा तसा उलटा-पालटा करून बघितला, आणि मग त्या लाकडाच्या ढिगावर बसल्या. यजमान उगाच चिडले. काही झालं तर नाही ना, हाक मारायची होती, असं काहीबाही बोलले.

"हाक मारली असती तर तू दचकला असतास, हात तितंच ठिवून," आक्का म्हणाल्या. "तुझ्या दाजीला दहा बोटांनिशी वाटं लावलाय म्या. तुला बी तसाच ठिवनार."

पट्ट्या त्यांनी स्वतः कापल्या. गाईड मागं सारून, झाकण बसवून, त्यांच्या चालीनं. टेम्पो उशिरा गेला, पण गेला. यजमान मात्र त्यानंतर त्यांच्याशी बोलेनात. कामावर यायचे, रंधा मारायचे, मशीनकडं पाठ करून बसायचे. चारचौघांत नव्हे, बायकोसमोर आपलं चुकलं, हे त्यांना लागलं होतं. मध्ये मी. जेवायला वाढताना दोघांचंही ताट निवून जायचं.

काही दिवसांनी पुन्हा लाईट गेली आणि आली. सगळीकडं दिवे लागले, मशीन तेवढं गप्प. यजमानांनी मेन बघितला, तारा बघितल्या, आणि शेवटी विचारावंच लागलं, "आक्का, मशीन का चालंना?"

"बटन पुन्हा दाबावं लागंल," आक्का मान वर न करता म्हणाल्या. त्यांनी कापूरहोळच्या वायरमनकडून नवं बटण बसवून घेतलं होतं, लाईट आली तरी आपोआप सुरू न होणारं. कुणाला काही बोलल्या नव्हत्या. यजमानांनी त्या बटणावरून बोट फिरवलं. मग पात्यावरचं झाकण नीट बसलंय का ते बघितलं आणि म्हणाले, "दोन फळ्या हायत, धरतीस का पलीकडनं?" त्या उठल्या. एवढ्यावरच ते मिटलं.

आक्कांचे दिवस झाल्यावर आम्ही शेड उघडलं. पातं तिरपं होतं. काम संपलं की पातं सरळ करूनच त्या उठायच्या, पण त्या सकाळी एका देवघराच्या छपराच्या उतरत्या फळ्या कापता कापता चहाला म्हणून अंगणात गेल्या होत्या. दोन फळ्या कापून ठेवलेल्या, दोन राहिलेल्या. टेबलावर भुसा तसाच. तो झाडायला माझा हात धजेना.

यजमानांनी आक्कांनी लावलेल्या त्याच कोनावर आधी एक टाकाऊ तुकडा कापला, मग राहिलेल्या दोन फळ्या. मी पलीकडून नुसता आधार दिला, ओढलं नाही. आवाज बंद होईस्तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. चारी फळ्या एकमेकींना लावल्या. त्यांच्या कोणत्या आणि ह्यांच्या कोणत्या, ते मला ओळखता आलं नाही.

पुढचं काम सरळ कापाचं होतं, आक्कांनी लावलेला कोन आता मोडायचा होता. पातं उभं करायचं चाक टेबलाखाली असतं. यजमानांनी मशीनचा प्लग काढला, चाकावर हात ठेवला आणि तसेच वाकून राहिले... मग बाजूला सरकून म्हणाले, "मंगल, तूच फिरव."

ते चाक मी कधी फिरवलं नव्हतं. आधी हलकं गेलं, मग भुशात अडकल्यासारखं जड झालं. पातं हळूहळू उभं राहत होतं. यजमान त्याला काटकोन बघायचा गुण्या लावून, एक डोळा मिटून बघत होते.

"अजून थोडं," ते म्हणाले.

मी अजून थोडं फिरवलं.