सहा कप्पे, चार जॅकेटं

किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या बोटीवर तर कुठलाही कप्पा उघडा, सामानाआधी किस्साच बाहेर येतो. त्यातले काही सांगतो.

बोट म्हणजे पवनेच्या धरणातली वीस फुटी, जुनी, शिडाची. आम्ही चौघे दोस्त. आयटीआयमधून रिटायर झाल्यावर सुधाकरने ती हौसेने घेतली आणि धरणाकाठी, बबनच्या शेताच्या कडेला ठेवली. मी कामशेतचा मेडिकलवाला. चौथे नजीरभाई, माझ्या शेजारचे हार्डवेअरवाले. बसायच्या फळ्यांखाली सहा कप्पे होते, त्यांचा कारभार नजीरभाईंकडे.

त्यांनी पहिल्याच रविवारी दुकानाची पद्धत लावली. आत जो माल, त्याचा एक नमुना झाकणावर बांधायचा! दोरांच्या कप्प्यावर वीतभर दोर, चहाच्या कप्प्यावर चमचा, लाइफ जॅकेटांच्या कप्प्यावर नारिंगी चिंधी.

"अरे, ही बोट आहे का दुकान?" सुधाकर म्हणाला.

"दुकानात गिऱ्हाईक तरी शिस्तीचं असतं!"

*

औषधांच्या कप्प्यावर मी डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी बांधली. एका रविवारी उन्हाने बबनचं डोकं धरलं. त्याने झाकण उघडायचे कष्ट न घेता नमुन्यातलीच गोळी काढून गिळली. नजीरभाई असे भडकले!

"नमुना खाल्लास? आता आत काय हाय ते कळायचं कसं?"

"भाई, आदी माजं डोकं ऱ्हायलं का ते तरी इचारा!"

*

नजीरभाईंचा दुसरा नियम जॅकेटाचा. चौघांची चार, प्रत्येकावर नाव. अंगात जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवायचा नाही.

एकदा सुधाकरने आपलं जॅकेट धुवायला घरी नेलं आणि तिथेच विसरला. नजीरभाईंनी त्याला चक्क काठावरच्या दगडावर बसवलं.

"बोट माझी आहे!" सुधाकर ओरडला.

"बोट तुजी. कप्पे माजे."

दोन तास बिचारा तिथे शेंगदाणे खात बसला होता. आम्ही पाण्यातून हात हलवत होतो आणि तो आम्हाला शिव्या घालत होता.

*

गेल्या हिवाळ्यात सुधाकर गेला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि संपलं. त्याच्या बायकोने त्याची एकच वस्तू मागितली, ते जॅकेट. मीच नेऊन दिलं.

त्यानंतर नजीरभाई विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते. तळेगावच्या डॉक्टरांनी आजार सांगितला, औषध फारसं सांगितलं नाही. त्यांची मुलगी शबाना माझ्या दुकानात आली.

"काका, अब्बांना बोटीवर नेत जा. घरी दिवसभर कपाटं उपसतात. आपण चुकतोय हे कळलं की जेवत नाहीत. तिथे तरी त्यांना चुकल्यासारखं वाटू देऊ नका."

आम्ही शब्द दिला. तेव्हापासून नजीरभाई जी वस्तू जिथे ठेवतील तोच तिचा कप्पा! ते हात धुवायला गेले की बबन गुपचूप नमुने बदलायचा.

*

त्यात एकदा आमचीच फजिती झाली. भर पाण्यात वारा उठला, शीड फडफडायला लागलं. मी सवयीने दोरांच्या कप्प्यात हात घातला आणि हातात आली किटली!

"आता किटलीच बांदा शिडाला!" बबन ओरडला.

नजीरभाई शांतपणे उठले, चहाच्या कप्प्यातून दोर काढून दिला आणि म्हणाले, "बाहीर नमुना लावलाय की. बगत का न्हाई तुमी?"

नमुने आम्हीच बदलले होते आणि आम्हीच विसरलो होतो. त्या दिवशी आम्ही पोटभर हसलो. नजीरभाईही हसले, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं.

*

"सुधाकर कुटं हाय?" हे ते दर रविवारी विचारतात. पहिल्यांदा आम्ही खरं सांगितलं. ते इतके रडले की दुसऱ्यांदा सांगायची आमची हिंमत झाली नाही. तेव्हापासून "येतोय" म्हणतो.

परवाच्या रविवारी त्यांनी जॅकेटं मोजली. तीन निघाली. त्यांनी सहाही कप्पे उपसले. मग स्वतःच्या अंगातलं जॅकेट काढलं, नीट घडी करून कप्प्यात ठेवलं, झाकण लावलं, वरची चिंधी सरळ केली आणि बोटीतून उतरून त्या दगडावर जाऊन बसले.

"भाई, चला की," बबन म्हणाला.

"मला जॅकेट न्हाई. तुमी जावा."

"तुमचं कप्प्यात हाय न्हवं? घाला की!"

"ते सुधाकरला. एकदा बसवलंय मी त्याला हितं. परत न्हाई बसवायचा."