गाठीला धक्का लावू नका

मी कॉलेजात मराठी शिकवतो. एका शब्दाचे चार अर्थ कसे होतात हे पोरांना समजावण्यात पंचवीस वर्षं गेली, आणि एका साध्या शब्दापायी माझीच फे फे उडाली.

खालची अक्कलदाढ आडवी वाढली होती. रामदासपेठेतल्या दवाखान्यात हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागली. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, म्हणून काटोलहून माझी थोरली बहीण आली होती. माझ्या तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर. त्यामुळे डॉक्टरांनी सगळ्या सूचना ताईलाच दिल्या. मी बाहेर बाकावर लाळ पुसत बसलो होतो.

घरी आल्यापासून ताई फार गोड वागायला लागली. एरवी ती दोन शब्द ऐकवल्याशिवाय चहा देत नाही. त्या दिवशी मात्र "पडून राय बाप्पा" म्हणाली आणि थंड दूधभात कालवून चमच्याने भरवला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात भाऊजींशी फोनवर कुजबुजत होती. "गाठ आहे म्हनते डॉक्टर. धक्का लावू नका म्हने. नाही, त्याले काहीच नाही सांगितलं. पंधरा वर्षं खर्रा खाल्ला ना त्यानं."

मी दाराआडूनच मागे फिरलो. तो तंबाखू-सुपारीचा चुरा सोडून मला सहा वर्षं झाली होती. पण आमच्या स्टाफरूममधले दोघे तोंडाच्या कर्करोगानेच गेले, आणि त्यातल्या एकाने तर माझ्याही आधी खर्रा सोडला होता. ताईला विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि मला उत्तरच नको होतं.

मी बाथरूमचं दार लावलं आणि मोबाइलचा उजेड तोंडात पाडला. दाढेच्या खड्ड्यात काळपट लाल गोळा. हीच ती! मग जीभ सारखी तिथेच जायला लागली. काय डोक्यात आलं कोण जाणे, मी कोमट मिठाच्या पाण्याने जोरजोरात गुळण्या केल्या आणि तो गोळा निसटून बेसिनमध्ये पडला. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग आठवलं, गाठीला धक्का लागला की ती पसरते. आमच्याकडे हे कुणीही सांगतं.

आणि ती पसरलीच. तिसऱ्या दिवशी कळ कानापर्यंत गेली, कानातून कपाळात. गोळी घेतली की तासभर बरं, पुन्हा तेच. तोंडाला असा वास की माझी मलाच किळस यावी. जबड्याखाली बोराएवढं काहीतरी हाताला लागलं. अंगात ताप होता आणि मला मरायची भीती वाटत होती. नातवाचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं.

ताईने ऑटोत घालून परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला.

"गाठ कुठे गेली?"

"पडली," मी चोरासारखं सांगितलं. "माझ्याच हातून."

"अहो, ती रक्ताची गाठ होती. खपलीसारखी. तिच्याखालीच जखम भरते. म्हणून तर यांना सांगितलं होतं, तिला जपा, गुळण्या करू नका, थुंकू नका. आता हाड उघडं पडलंय आणि पू झालाय."

"म्हंजे ते गाठ चांगली होती?" ताई म्हणाली.

एरवी मी हसलो असतो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खड्डा धुतला, लवंगेच्या वासाची पट्टी भरली, गोळ्या बदलल्या. तोंड उघडेनासं झालं किंवा गिळता येईना तर वाट न बघता या, म्हणाले. मग त्यांचं बोट जबड्याखाली गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही गा..." त्यांनी ताईकडे पाहिलं आणि शब्द गिळला. "ही सूज. दोन आठवड्यांत उतरायला हवी. नाही उतरली तर तपासून घेऊ."

त्यांनी गिळलेला शब्द मी घरी घेऊन आलो.

कळ तीन-चार दिवसांत ओसरली, तापही गेला. भीती काही गेली नाही. रोज सकाळी ताई जबड्याखाली दोन बोटं दाबून पाही आणि म्हणे, "हाय तेवढीच." मग दोघंही चहा प्यायला बसत असू.

एका सकाळी मी विचारलं, "आज कितवा दिवस वं ताई?"

"बारा अन् एक," ती म्हणाली. तेरावा हा शब्द तिला तोंडातून काढायचा नव्हता. तिने बोटं दाबली, काढली, पुन्हा दाबली.

"लहान झाली."

"ताई, या वेळी खरं सांग वं."

तिने पदर डोळ्यांना लावला. "खरंच झाली गा. म्हून तं रडून राहिली मी."