अक्कांच्या माहेरचे मुराळी

१. लोणंदजवळच्या एका गावातील रखमा सांगलीच्या घरात राहिली. तिची अफू सुटली.
२. ती सासरी निघाली तेव्हा द्वारकाअक्कांनी तिची ओटी भरली.
३. सुगीत तिची पाठ धरली. सासूने तिला अफूची गोळी दिली. गोळी रोजची झाली.
४. नागपंचमीच्या आधी अक्का तिला न्यायला गेल्या. मी सोबत होते.
५. रखमा आमच्याबरोबर परत आली.

अक्कांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी लिहिण्यास मला सांगण्यात आले, तेव्हा ही हकिगत प्रथम आठवली.

माझी त्यांची ओळख लढाईच्या काळातली. साताऱ्यास परिचारिकेचे शिक्षण घेऊन मी सांगलीला आले होते. हळदीच्या पेठेमागे अक्कांचे घर होते. दारू किंवा अफू सोडू पाहणाऱ्या बायका तिथे राहत. मी प्रमाणपत्र पुढे केले. अक्कांनी ते आदराने बाजूला ठेवले आणि मला चुलीपुढे बसता येते का, असे विचारले. मला स्वयंपाक बेताचाच येतो, असे मी सांगितले.

“स्वयंपाकाचं नाही विचारत,” अक्का म्हणाल्या. “नुसतं बसता येतं का?”

अफू तुटलेल्या बाईला पहाटे हुडहुडी भरते, पायांत गोळे येतात. तिच्याजवळ कोणी तरी न बोलता बसावे लागते. औषधाची मात्रा कशी उतरवायची हे मला माहीत होते. बसणे मी त्या घरात शिकले.

हे घर काढण्यामागे अक्कांच्या धाकट्या जावेची आठवण आहे, असे म्हणतात. अक्का त्याविषयी बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. त्यांचा दंडक एकच: घरात आलेली बाई लेक म्हणून आली. वाईच्या एका प्रतिष्ठित घरातील बाईंना आसवाच्या बाटलीवाचून राहवत नसे. त्यांनी वेगळे पान मागितले. अक्कांनी ते मांडलेही, रखमाच्या शेजारी.

मलाही त्यांनी असेच सांभाळले. भेटीला आलेल्या एका बाईंनी माझ्या लग्नाची चौकशी माझ्यादेखत चालवली होती. अक्कांनी त्यांच्या हातावर सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, “यांचं औषधाचं माप चुकत नाही. बाकीचं मी विचारलेलं नाही.” विषय तिथेच संपला.

आमचा मतभेद एकाच बाबतीत होता. ज्या बाईने पुन्हा अफू घेतली तिला पुन्हा जागा देऊ नये, असे मी म्हणत असे. वाट पाहणाऱ्या इतर असतात. अक्कांचे उत्तर ठरलेले असे. ओटी भरून पाठवलेल्या लेकीला माहेर बंद होत नाही. शिवाय ती आपण होऊन यायची नाही, लाजेल. म्हणून दर नागपंचमीला तिला माहेरी आणायला मुराळी गेलाच पाहिजे.

त्या वर्षी पंचमीआधी आम्ही रखमाला न्यायला गेलो, तेव्हा दारात तिच्या सासूबाईंनी आम्हांला उंबऱ्यातच थांबवले. “कुठलं म्हायेर काढलं? तिचं आय-बा कवाच गेलं.”

“ओटी मी भरली आहे,” अक्का म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेर बसल्या.

रखमा दाराआड उभी होती. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ही अफूची खूण आहे, असे मी अक्कांना हळूच सांगितले. सासूबाईंनी ऐकले. त्यांना खरोखरच वाईट वाटले. “आवं, ती येसनाची न्हाय. दुखण्याची गोळी हाय. आमी समदीच घेतो.” या भागात असेच समजतात. औषध म्हणून दिलेली अफू कोणी अफूत धरत नाही.

अक्का त्यांना रागावल्या नाहीत. तुमच्या हातून झाले ते मायेनेच झाले, आता तिला माझ्याकडे द्या, एवढेच म्हणाल्या. सासूबाई उंबरा अडवून उभ्याच होत्या. तेवढ्यात शेजारणीने कुडावरून ऐकवले, “म्हातारे, मुराळ्याला रिकामं धाडतीस व्हय? गाव काय म्हनंल?”

सासूबाईंनी रखमाचे लुगडे बोचक्यात बांधून दिले. निघताना रखमा मला म्हणाली, “बाई, मला वाटलं, आता कोन येतंय.”

त्या वाक्यानंतर मी माझा मुद्दा पुन्हा काढलेला नाही. रखमा नंतर सासरी गेली ती सासूला सगळे समजावून. आता त्या घरात कोणाचे काही दुखले तर वीट तापवून शेकतात.

गेल्या श्रावणात अक्का अशाच एका लेकीला आणायला बैलगाडीने आटपाडीकडे गेल्या. परतल्या तेव्हा गुडघा एवढा सुजला होता की त्यांना उचलून आत आणावे लागले. डॉक्टरांनी प्रवास बंद करण्यास सांगितले आहे. अक्का म्हणतात, त्या जाणारच. दाराशी मुराळी आला नाही तर गाव म्हणेल, हिला माहेर नाही. आणि बाई ते खरे मानेल.

अक्कांना उदंड आयुष्य लाभावे आणि शंभरावी पंचमी त्यांनी आपल्या ओसरीवर बसून पाहावी, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी तरी जायला हवे. आटपाडीला यंदा रखमा जाणार आहे. लोणंदच्या बाजूला मी जाईन. बाकीची गावे उरली आहेत.

हा ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी ज्यांना एका गावी मुराळी म्हणून जाता येईल, त्यांनी आषाढ वद्य दशमीपर्यंत सांगलीच्या घरी कळवावे. जमणार नसेल तर तसेही कळवावे.