नणंदेनं शिकवलेली आम्लं

इस्पितळाच्या धुलाईघरात डाग काढायच्या टेबलापाशी बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. हाताखाली कुणी नवी आली, की वहिनी आधी आपल्या नणंदेचं कौतुक सांगतात आणि मगच बाटल्यांना हात लावू देतात.

पूर्वी वहिनी ओल्या चादरी पिळायच्या. पाठ साथ देईनाशी झाली होती. टेबलावरचं काम बसून करायचं, पण त्यासाठी मुकादमांची परीक्षा द्यावी लागे. दोन ग्लासांत दोन आम्लं. त्यांत बॅटरीच्या तारा बुडवायच्या आणि जोडलेल्या छोट्या दिव्याकडे बघून तीव्र कोणतं, सौम्य कोणतं ते सांगायचं. एका ग्लासात दिवा बऱ्यापैकी लागला, दुसऱ्यात नुसता मिणमिणला. वहिनींनी मिणमिणत्याला सौम्य म्हटलं आणि फसल्या. त्यात गंधकाम्ल होतं, भरपूर पाणी घातलेलं. दिवा बऱ्यापैकी लागला त्या ग्लासात साधं व्हिनेगर.

मुकादम रागावले नाहीत. कापड वाळताना पाणी उडून जातं, गंधकाम्ल मागं राहतं आणि चादरीला भोकं पाडतं, एवढं त्यांनी समजावलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बसा म्हणाले. तेव्हाही चुकलात तर मात्र जागा दुसरीला जाईल.

वहिनी घरी आल्या त्या तोंड पाडूनच. नणंद शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. जिभेची तिखट, पण त्या दिवशी तिनं तपासायचे पेपर बाजूला सारले.

"वहिनी, मला मोठ्या सभागृहात एकटीला बसवलं, तर मी गप्प बसेन?"

"तू? भिंतीशी बोलशील."

"आणि तुझ्यासारख्या पन्नास अबोल बायका एका खोलीत कोंबल्या तर?"

"थोडा गलका होईलच की."

"म्हणून तुम्ही सगळ्या बोलक्या ठरलात का? तीव्र आम्लाचा कण न् कण पाण्यात फुटतो. सौम्याचे थोडेच फुटतात, बाकीचे तोंड मिटून बसतात. किती जण जमलेत ते वेगळं आणि कोण बोलकं ते वेगळं."

मग रोज संध्याकाळी ओट्यावर ग्लास मांडून उजळणी चाले. वहिनी चुकल्या की नणंद टोमणा मारी, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगे. अल्कलींचंही तसंच, हे तिनं त्यातच शिकवलं.

दुसऱ्या परीक्षेत वहिनींनी तारांना हातच लावला नाही. दोन्ही ग्लासांत सारख्याच पाण्यात आम्ल सारख्याच मापाचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मुकादम नाही म्हणाले.

"मग सारख्या मापाचं द्या. त्याशिवाय मी काही सांगायची नाही."

मुकादम हसत आत गेले आणि दोन नवे ग्लास भरून घेऊन आले. वहिनींनी तारा बुडवल्या, ज्यात दिवा लख्ख लागला ते तीव्र म्हणून दाखवलं, आणि टेबल त्यांचं झालं.

संध्याकाळी त्या नणंदेपुढे उभ्या राहिल्या. मनात पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं इतकंच, की हे तुझ्यामुळे झालं. नणंदेनं पेपरांवरून मान वर केली नाही, फक्त शेजारची खुर्ची पायानं पुढे ढकलली.

"उभी काय राहिलीस? बसायची सवय कर आता."

वहिनी बसल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं पुसले.