अमावस्येची सुनावणी

काळुराम म्हात्रे आमच्या गावची उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीला ते लावायचं आणि ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. पेणजवळच्या आमच्या गावाची भातं आणि घरं त्या दारामुळे टिकून होती. तीस वर्षांत तो एक दिवस चुकला नाही. सरळ बोलल्याचं मात्र आठवत नाही. सदा नाकावर राग.

सत्त्याण्णव साली विकास आराखडा आला आणि त्यात कंपनीकडे जाणारा रस्ता नेमका उघाडीवरून निघाला. उघाडी बुजवणार! पूर्वी साहेबलोक कोणाला न विचारताच मंजुरी देत. आता म्हणे पद्धत बदलली होती, आधी गावाची हरकत ऐकायची. काळुराम खूश झाला. अर्ज मी लिहिला, अडतीस जणांनी सह्या-अंगठे केले.

मग सुनावणीची नोटीस लागली आणि त्याचं डोकंच फिरलं. पिठोरी अमावस्या, दुपारी बारा. वर्षातलं मोठं उधाण त्याच दिवशी, आणि भरती साडेबाराची! उधाणाला आमच्याकडे एकही माणूस बांध सोडत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काखेत मारून तो पेणच्या कचेरीत तीनदा गेला.

"साहेब, तारीख चार दिस पुढं ढकला. आमी सगले येतो."

"अमावस्येची सरकारी सुट्टी नसते, मामा," कारकून म्हणाला. "तारीख छापून झाली."

सुनावणीच्या दिवशी बांध दोन ठिकाणी पाझरला. आम्ही कमरभर चिखलात उभे राहून माती टाकत होतो. अर्ज घेऊन काळुरामची सून सरू तेवढी पेणला गेली.

"सह्या करणारे कुठे आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बांधावर हायेत. उधाण हाय ना."

त्याने लिहिलं: हरकतदार गैरहजर, सबब हरकत नाही.

सरूने येऊन हे सांगितलं तेव्हा काळुरामच्या अंगावरचा चिखल वाळलाही नव्हता. "अगो, आमी तिथं गेलो असतो त परत यायला गाव ऱ्हायला असता काय?" तो तिच्यावरच ओरडला. बिचारीचा काय दोष? पण ओरडायला दुसरं होतं कोण? मला तर ती कचेरी पेटवून द्यावीशी वाटली. आजही वाटते.

डिसेंबरात रस्त्याचा सुपरवायझर जीप घेऊन आला. काळुरामच्या ओटीवर बसला, पाणी प्यायला, गोड बोलला.

"मामा, भराव टाकायचाय. अमावस्या कधी आहे हो? उधाणात भराव टिकत नाही. अडचण असेल तर काम चार दिवस पुढे ढकलू."

काळुरामने आत जाऊन कॅलेंडर आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. पान पिठोरी अमावस्येचंच होतं, त्याने ते अजून उलटलं नव्हतं.