खिडकीतली तेलाची बाटली

उत्तरेत बर्फ पडलं की तिकडचे वारे खाली उतरतात आणि आमचं नाशिक गारठतं, एवढंच थंडीच्या लाटेचं कारण. वर्तमानपत्रांनी मात्र तिचं आगमन मंत्र्याच्या दौऱ्यासारखं छापलं. मला ती कळली न्हाणीघरातल्या खोबरेल तेलावरून. बायको गेल्यापासून हात न लावलेली तिची बाटली थिजून पांढरी झाली होती.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर एकटेच राहतात. थंडीत ते रोज सकाळी तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवतात आणि दुपारी आत घेतात. आमची ओळख खिडकीतून मान हलवण्यापुरती. या आठवड्यात त्यांची बाटली दोन रात्री बाहेरच राहिली. तिसऱ्या दिवशी मी त्यांचे जिने चढलो आणि बेल वाजवली. दार उघडायला इतका वेळ लागला की नको ते मनात येऊ लागलं.

शेवटी माकडटोपी आणि दोन स्वेटर घातलेले मास्तर दारात आले.

"बाटली बाहेर दिसली, म्हणून आलो."

"गुडघे धरलेत हो थंडीनं. आहे अजून मी," ते हसले. "पण वहिनी गेल्यापासून तुमची बाटली दिसत नाही. मी रोज बघतो."

"मला टक्कल आहे, मास्तर."

"मग मला काय जटा आहेत?" त्यांनी टोपी काढून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी बायकोची बाटली खिडकीत ठेवली. दुपारी आठवणीनं आत घेतली. नाहीतर तसल्या गुडघ्यांनी त्यांना माझे जिने चढावे लागले असते.