आधी बोला, मग बघा

बाळांनो, आपल्या माधव नगरच्या टेनिस कोर्टावर एक सर शिकवतात. संध्याकाळी फिरून आले की मी तिथल्या बाकावर बसते. सर आपला साधा फोन खांबाला सुतळीने बांधून मुलांचे फटके टिपतात आणि अगदी हळू चालवून दाखवतात. पण आधी विचारतात, "पहले बोलो, क्या गलत हुआ?" उत्तर मिळेपर्यंत फोन छातीशी घट्ट धरलेला असतो.

मागच्या महिन्यात एका मुलीचे वडील तिचा खेळ बंद करायला आले. तिचं मनगट सारखं दुखत होतं. सर म्हणाले, "बिटिया देर से मारती है." मग व्हिडिओ लावला. फटका वेळेवरच होता, पण चेंडू लागताना मनगट पार दुमडत होतं. "कलाई मोड़ो", म्हणजे मनगट वळवा, असं सरच ओरडून शिकवायचे.

त्यांनी सगळ्या मुलांना जवळ बोलावलं. "भाईसाहब, गलती इसकी नहीं, मेरी है. आज से कोई कलाई नहीं मोड़ेगा."

वडिलांनी खेळ बंद केला नाही. दुखणं थांबल्यावर काल ती पुन्हा सर्व्हिस करायला उतरली. पहिल्याच सर्व्हिसनंतर तिने खांबावरचा फोन सोडवून पाठीमागे लपवला. "सर, पहले आप बोलिए!"

सर खरोखरच विचार करत उभे राहिले. ते काय सांगतात ते ऐकायला मी बाकावर ताठ बसले.